थांब म्हणायचा हक्क

कॅप्टन तांडेल गेल्याची बातमी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आली, तेव्हा खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. ज्यांनी त्यांना पाठीमागे ‘दर्यासारंग’ म्हणून हिणवलं होतं, त्यांचेही हात त्यात होते. मी काही टाकलं नाही. फोन उलटा ठेवला आणि गॅसवरचं दूध उतू जाईपर्यंत तशीच उभी राहिले.

आमचं कॉलेज गंगापूर रोडला. तिथे निर्यात आणि मालवाहतुकीचा एक पदविका अभ्यासक्रम चालतो. मुलं बहुतेक निफाड, दिंडोरी, चांदवडकडची. घरी द्राक्षं नाहीतर कांदा. मी तिथे व्यापारी कायदे शिकवते. बंदरं शिकवायला कुणी मिळत नव्हतं. नाशकात बंदर शिकवणारा माणूस कुठून आणायचा? आणि मग एक दिवस पांढऱ्या कडक इस्त्रीच्या शर्टातले, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेले, रुंद खांद्यांचे तांडेल स्टाफरूममध्ये आले. समोरची खुर्ची त्यांनी हाताने हलवून पाहिली, डुगडुगत नाही अशी खात्री केली आणि बसले. कुठल्याही खुर्चीवर ते असेच बसत. लिफ्टमध्येही पाय फाकवून उभे राहत. जमीन हलणार नाही, यावर त्यांचा कधीच पुरता विश्वास बसला नाही.

ते बंदरावरचे पायलट होते. पायलट म्हटलं की मुलांना विमान वाटायचं. मग ते समजावत. “परदेशी जहाज आपल्या बंदराच्या तोंडाशी येतं आणि थांबतं. आतलं पाणी त्याच्या कप्तानाला ठाऊक नसतं. कुठे खडक, कुठे गाळ, ओहोटीला पाणी कुठे ओढतं, काही नाही. मग आमची छोटी बोट त्याच्याजवळ जाते. वरून दोराची शिडी सोडतात. मी चढतो. सगळं जग फिरून आलेला तो कप्तान मला म्हणतो, आता तुम्ही सांगाल तसं. कागदावर जहाज त्याचंच असतं हां. पण पाणी आपलं.”

“पाणी आपलं” म्हणताना त्यांचा आवाज खाली जायचा. देवाचं नाव घेताना काही माणसांचा जातो तसा.

समुद्रापासून एवढ्या लांब कसे आलात, असं विचारलं की एकच उत्तर असे, “सुमनचं माहेर.” सुमनताई नाशिकच्याच. इथल्या शाळेत नोकरी केली, इथेच एकुलता एक मुलगा वाढवला. तांडेल किनाऱ्यावर, बायको-मुलगा इथे, असा त्यांचा संसार झाला. नोकरी संपल्यावर ते कायमचे आले, पण पाहुण्यासारखे राहिले. मासा त्यांनी इथे कधी खाल्ला नाही. “नाशकात मासा खायचा म्हणजे ओळखीच्या माणसाला तो गेल्यावर भेटायला जाण्यासारखं,” असं म्हणत. पावसाळ्यात मात्र छत्री घेऊन गोदाघाटावर जात आणि पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं ते बघून येत. “आम्ही धक्क्याच्या खांबावर आकडे रंगवायचो, पगारबाई,” ते मला एकदा म्हणाले. “तुमच्याकडे आकड्याच्या जागी देव उभा आहे. बरं आहे. निदान खोटा रिपोर्ट देत नाही.”

खोट्या रिपोर्टाचं हे काय ते मला पुढे सुमनताईंकडून कळलं.

तांडेल ज्या बंदरावर होते, ते चालवायला एका कंपनीला दिलं गेलं. कंपनी इथलीच वाटायची. पण तिच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी, आणि तिसरीच्या मागे परक्या देशातला मालक. क्रेन नव्या आल्या, काम झपाट्याने व्हायला लागलं, तांडेलांनाही ते आवडलं होतं. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की कंट्रोल रूममधली स्क्रीन, जिच्यावर बंदरातली आणि बाहेरची जहाजं ठिपक्यांसारखी दिसतात, ती त्याच क्षणी परदेशातल्या मुख्य कचेरीतही दिसते. त्याच पाण्यातून आपल्या नौदलाच्या बोटी ये-जा करत. तांडेलांनी ती बाहेर जाणारी लाइन बंद करायला सांगितलं. “सॉफ्टवेअरच तिकडचं आहे, बंद होत नाही,” असं उत्तर आलं. वरिष्ठांना सांगितलं, तर ते म्हणाले, सगळं ठीक असल्याचा रिपोर्ट आलाय. मग नौदलाची एक बोट यायची होती त्या सकाळी तांडेल कंट्रोल रूममध्ये गेले आणि म्हणाले, “ही लाइन तुटेपर्यंत मी एकही जहाज आत आणणार नाही.” ते सगळ्यांत ज्येष्ठ, त्यांनी नाही म्हटल्यावर बाकीचे पायलटही हलले नाहीत. त्या दिवशीची भरती फुकट गेली. बाहेर जहाजं नांगर टाकून ताटकळत राहिली. लाइन काही तुटली नाही. तांडेलांनाच तिथून उचलून एका कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी राजीनामा दिला.

“नोकरी गेली त्याचं मला काही नाही, अलका,” सुमनताई मला म्हणाल्या. “पण येताना रस्त्यात मिठाई घेऊन आले. मला वाटलं, बढती मिळाली. डबा हातात दिला आणि म्हणाले, आता मी घरीच. तो डबा कुणी उघडलाच नाही गं.”

वर्गात तांडेल हे काही सांगत नसत. पण विषय तिथेच येऊन थांबायचा. एकदा दिंडोरीकडचा एक मुलगा उभा राहिला. “सर, कंपनी कुनाची का आसंना! आमची द्राक्षं गेटवर उभी राहून नासली त्याला कोन जबाबदार? परदेशी आले तं काम फास्ट व्हतंय. मंग वाईट काय हाय?”

वर्ग हसला. तांडेल हसले नाहीत. त्यांनी त्या मुलाला पुढे बोलावलं.

“तू म्हणतोस ते खरं आहे. तुझ्या बापाचा माल वेळेत गेलाच पाहिजे. क्रेन कुणाचीही असू दे, पैसा कुणाचाही असू दे. मी एवढंच विचारतो, उद्या आपल्याला एखाद्या जहाजाला ‘थांब’ म्हणायचं असलं, तर ते कोण म्हणणार? आणि ‘ये’ म्हणायचं असलं आणि तिकडच्या मालकाने म्हटलंच नाही, तर? शेत तू वाट्याने देशील. विहिरीवरची मोटर कधी चालू करायची, हेही दुसऱ्याच्या हातात देशील का?”

मुलाने मागे वर्गाकडे पाहिलं. मग म्हणाला, “मोटर नाय देनार.”

“मग झालं तर,” तांडेल म्हणाले. “माणूस वाईटच असतो असं नाही. पण तो चांगला राहील, यावर घर चालवायचं नसतं.”

त्यांचा मुलगा अनिकेत नेमका त्याच परदेशी मालकाच्या दुसऱ्या एका बंदरात कंट्रोल रूमला लागला होता. हे मला बराच काळ ठाऊक नव्हतं. कळलं ते भर सभागृहात.

कॉलेजात मुलांना नोकऱ्या द्यायला त्या कंपनीची माणसं आली होती. प्राचार्य खुशीत होते. एवढी मोठी कंपनी आमच्याकडे पहिल्यांदाच येत होती. व्यासपीठावर तिघे बसले होते. त्यांतल्या सर्वांत तरुण अधिकाऱ्याने कंपनीची माहिती दिली. बोलणं स्वच्छ, खांदे रुंद. प्रश्न विचारायला सांगितल्यावर शेवटच्या रांगेतून तांडेल उठले.

“बंदरात असताना तुम्हाला एकाच वेळी दोन आज्ञा आल्या,” ते म्हणाले. “एक इथल्या सरकारची, एक तिथल्या मालकाची. आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध. कुठली आधी ऐकाल?”

“सर, कंपनी इथल्या कायद्यानेच चालते,” तो अधिकारी म्हणाला.

“कायदा मला माहीत आहे. मी तुम्हाला विचारतोय.”

प्राचार्य खुर्चीत चुळबुळ करू लागले. तो तरुण माइकवर थोडा वाकला. “माझा पगार जिथून येतो तिथली ऐकेन, असं तुम्हाला माझ्या तोंडून ऐकायचंय ना, बाबा?”

तांडेल खाली बसले. पुढे कुणी प्रश्न विचारला नाही.

अनिकेत येणार म्हणून सुमनताईंनी त्या दिवशी डुबुकवड्यांची आमटी केली होती. तो घरी गेलाच नाही. परस्पर स्टेशनला गेला.

मुलाखती मात्र झाल्या, आणि आमच्या पाच-सहा मुलांना अनिकेतच्याच बंदरात नोकरी लागली. त्यांत चांदवडकडची रोहिणी होती, तांडेलांची लाडकी विद्यार्थिनी. ती बिचारी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. “सर, नको जाऊ का?”

मला वाटलं, आता हे नको म्हणणार. तांडेलांनी चष्मा काढून पुसला. “का नको? भांडण आहे ते माझं. तू जा, काम शिक. आणि शिडीवर चढताना खाली बघू नकोस.” पोरीला कुठली शिडी चढायची होती! पण ती त्यांच्या पाया पडली आणि गेली.

मग त्या मालकाच्या देशाशी आपलं बिनसलं. रोज बातम्या, रोज चर्चा. परक्यांच्या हातात असलेली बंदरं तपासायला एक समिती नेमली गेली, आणि तिला तांडेल आठवले. ज्यांनी त्यांना कोपऱ्यात बसवलं होतं, त्यांच्याच जागेवर आलेल्या माणसांनी आदराने बोलावणं पाठवलं. जाण्याआधी त्यांनी मुलाला फोन केला. मी तेव्हा पेपरांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या घरी गेले होते, म्हणून ऐकलं.

“अनिकेत, मला बोलावलंय. मी पाहिलं ते सांगणार आहे. तू आत्ताच दुसरी नोकरी बघ.”

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. तांडेल बराच वेळ फोन कानाला लावून बसले, मग ठेवला. सुमनताईंनी नुसतं वर पाहिलं.

“म्हणतो, तुम्ही कधी दुसरी बघितली होतीत?”

पुढचं सगळं भराभर झालं. सुरक्षेच्या कारणावरून कंपनीची परवानगी गेली. सगळ्या बंदरांतलं तिचं काम काढून घेतलं. वर्तमानपत्रांनी फार उशिरा झालं म्हणून लिहिलं. आमच्या कॉलेजला अचानक तांडेलांचा अभिमान वाटू लागला. प्राचार्य सत्काराचं ठरवून, शाल कुठल्या रंगाची हवी ते विचारायला मला घेऊन त्यांच्या घरी गेले.

“सर, सगळा देश तुमचा ऋणी आहे,” प्राचार्य म्हणाले.

“माझ्या घरात सुतक आहे असं समजा,” तांडेल म्हणाले, आणि आत निघून गेले.

सुतकच होतं ते. कंपनी गेली तशा नोकऱ्या गेल्या. रोहिणी चांदवडला परत आली. तिच्या घरच्यांनी लगेच स्थळं बघायला सुरुवात केली. अनिकेतचं त्याहून वाईट झालं. कंट्रोल रूममधला म्हणून त्याला चौकशीला बोलवत राहिले. त्याचा फोन, लॅपटॉप नेला. आरोप कुणी केला नाही, पण आरोप नाही असंही कुणी म्हणेना. मुलाखतीला गेला की जुन्या कंपनीचं नाव ऐकून समोरचे एकमेकांकडे बघायचे. शेवटी तो नाशिकला आईकडे येऊन राहिला. बापाकडे आला असं तो कधी म्हणाला नाही.

एका टेबलावर दोघं जेवायचे. सुमनताई मध्ये बसायच्या. त्यांच्याकडून ऐकलेलं सांगते. एकदा न राहवून तांडेल म्हणाले, “मी खरं तेच सांगितलं.”

“खोटं कोण म्हणतंय?” अनिकेत म्हणाला. “तुम्ही चुकला असतात तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.”

त्या पावसाळ्यात तांडेल घाटावर पाणी बघायला गेले नाहीत. वर्गात येत, पण जुना जोर नव्हता. कुणी काही तावातावाने विचारलं तर “असेल” म्हणत. हा शब्द त्यांच्या तोंडी मी आधी कधी ऐकला नव्हता.

आणि मग एकदा आम्ही दोघं स्टाफरूममध्ये असताना रोहिणीचा फोन आला. ते बंदर आता इथल्याच एका कंपनीला दिलं होतं, आणि तिने जुन्यातली काही माणसं परत घेतली होती. रोहिणी त्यांत होती. तांडेलांनी तिचा आनंद मलाही ऐकू यावा म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

ती आनंदात नव्हती. “सर, पाटी बदलली. बाकी सगळं तेच हाय. सॉफ्टवेअर बदलायला वेळ लागंल म्हणत्यात. स्क्रीन तीच, लाइन अजून तिकडंच जाती.” मग रडू लागली. “माझं नाव घेऊ नका सर. भाऊ शिकतोय माझ्या पगारावर.”

“कसली लाइन?” तांडेल म्हणाले. “तू मला खुशाली सांगायला फोन केलास. मी ठेवतो हं बाळ.”

फोन ठेवल्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. माझ्याकडे पाठ होती. त्यांचे पाय त्या दिवशी जवळ जवळ होते, आणि एका हाताने गज धरलेला होता.

त्यांनी समितीच्या माणसांना फोन लावले. समिती संपली होती. जो अधिकारी आदराने बोलला होता, त्याची बदली झाली होती. शेवटी मुंबईत एका कचेरीने भेटीची वेळ दिली, पण आधीच बजावलं, की नुसतं तोंडी नको, लाइन कुठून कशी जाते ते नेमकं सांगणारं कुणी हवं. तांडेलांना जुन्या बंदराची माहिती होती. या बंदरातली जोडणी ठाऊक असलेला, रोहिणी सोडून, एकच माणूस आमच्या ओळखीत होता. तो त्यांच्या शेजारच्या खोलीत झोपत होता.

“अनिकेतला का नाही नेत?” मी विचारलं.

“त्याला एका ठिकाणाहून बोलावणं येईलसं दिसतंय, पगारबाई. बंदरातच आहे काम. तो माझ्याबरोबर तिथे बोलला, की तेही गेलं. एकदा माझ्या तोंडापायी त्याचं घेतलं. पुन्हा नाही.”

“पण एकट्याचं ऐकतील?”

“नाही ऐकणार,” ते म्हणाले. “पण कुणीतरी सांगायला गेलं होतं, एवढं तरी राहील.”

जायच्या दिवशी सकाळी सुमनताईंना सोबत म्हणून मी मुंबई नाक्याजवळच्या बस स्थानकावर गेले. तांडेल खूप वाळले होते. तोच शर्ट, पण कॉलरमध्ये मान हलत होती. अनिकेतने त्यांना मोटारीतून आणून सोडलं. बस लागली. सुमनताईंनी डब्याची पिशवी हातात दिली, “गोळी घ्या वेळेवर” म्हणाल्या. तांडेल चढले. आत जाऊन पुढची सीट हाताने दाबून पाहिली आणि खिडकीशी बसले. आमच्याकडे त्यांनी बघितलं नाही. समोर, काचेतून, रस्त्याकडे बघत राहिले.

अनिकेत माझ्या शेजारी उभा होता. मोटारीची किल्ली बोटाभोवती फिरवत होता. कंडक्टर आत तिकिटं फाडत तांडेलांपर्यंत आला. “कुठं, बाबा?”

“मुंबई. एक.”

अनिकेतने किल्ली माझ्या हातात ठेवली. “मॅडम, आईला घरी सोडाल?” असं म्हणून तो बसमध्ये चढला. बापाशेजारची जागा रिकामी होती. तिथे तो बसला नाही. मागच्या सीटवर बसला आणि पैसे पुढे केले. “दोन द्या.”

तांडेलांनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त खिडकीच्या दांडीवरचा त्यांचा हात निसटला आणि मांडीवर पडला.

त्या फेरीतून काही निघालं नाही, हे इथेच सांगून टाकते. कचेरीने दोघांचं ऐकून घेतलं, चहा दिला, कळवू म्हणाले. कळवलं काहीच नाही. अनिकेतला येणारं बोलावणं आलं नाही. तो आता पिंपळगावला एका शीतगृहात काम बघतो. आणि थंडी सुरू व्हायच्या आत तांडेल झोपेतच गेले. परतल्यावर ते कॉलेजात आलेच नाहीत; त्या सकाळनंतर मी त्यांना पाहिलं नाही.

बस मागे आली, वळली. काचेत बापलेकाचे दोन चेहरे एकामागे एक, सारखेच समोर बघणारे. बस फाटकातून बाहेर पडून वाहनांच्या गर्दीत दिसेनाशी झाली, तरी सुमनताई जागच्या हलेनात. मी त्यांच्या दंडाला धरलं.

“अगं अलका,” त्या म्हणाल्या, “डबा मी एकाच्याच पुरता दिलाय.”